स्वतः चालणारी छोटी गाडी: भागांची निवड चाकांपासून वर

डिचोलीच्या चौघा विद्यार्थ्यांनी मला सविस्तर लिहून विचारले आहे की, खऱ्या मोटारीच्या एक-दशांश मापाची, आपली वाट आपण शोधणारी गाडी करायची असेल तर तिच्यात कोणकोणते भाग हवेत, चाळीस हजार रुपयांत ते बसतील का, संगणक म्हणून रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय') हा छोटा एका बोर्डाचा संगणक घ्यावा की जेटसन हा जास्त ताकदवान बोर्ड, आणि लायडारवाचून, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरवाचून, काम भागेल का. सोबत त्यांनी आपली अडचणही कळवली आहे. रेडिओने चालणाऱ्या एका तयार गाडीवर त्यांनी रास्पबेरी पाय ४, एक कॅमेरा आणि सर्व्होला, म्हणजे चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरला, सिग्नल देणारा पीसीए९६८५ बोर्ड बसवला. गाडी सरळ नीट जाते, पण जोरात वळताना पाय मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि गेल्या आठवड्यात कॉलेजच्या पोर्चमध्ये ती वळणावर थांबण्याऐवजी पूर्ण वेगाने चिऱ्यांच्या भिंतीवर आदळली.

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या नियंत्रण प्रणालींचे काम करतो आणि संध्याकाळी फोंड्यात घरी विद्यार्थ्यांच्या अशा गाड्या टेबलावर घेऊन बसतो. त्यामुळे तुमच्या यादीकडे पाहताच एक गोष्ट जाणवली: यादी संगणकापासून सुरू होते, मग कॅमेरा, मग लायडार, आणि शेवटच्या ओळीत 'बॅटरी, वायर वगैरे' असे लिहिले आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. अशा गाडीचे भाग चाकांपासून वर निवडत जावेत: आधी ती हळू चालते का, मग हव्या तेवढ्या कोनात वळते का, मग काहीही बिघडले तरी थांबते का, आणि हे तिन्ही साधल्यावर तिने काय पाहावे व कशाने विचार करावा. तुमच्या दोन्ही अडचणी 'बॅटरी, वायर वगैरे' या ओळीत दडलेल्या आहेत, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मोटरला वीज देणाऱ्या ईएससीमधून निघालेली लाल वायर पीसीए९६८५ च्या सर्व्होच्या पट्टीवर येते आणि त्याच पट्टीवरून दोन जम्पर वायर पायच्या ५ व्होल्टच्या पिनांवर जातात. म्हणजे स्टिअरिंगचा सर्व्हो आणि संगणक एकाच छोट्या पुरवठ्यावर जगत आहेत. ईएससीमधला हा पुरवठा, ज्याला बीईसी म्हणतात, मुळात रिसीव्हर आणि सर्व्होसाठी असतो. सर्व्हो मोकळा फिरताना फार वीज घेत नाही, पण थांबलेल्या गाडीची चाके जमिनीशी घासत वळवताना, किंवा वळणाच्या शेवटी दांडा अडकून राहिला की, तो एकदम मोठा प्रवाह ओढतो. एमजी९९६आर या नेहमीच्या धातूच्या गिअरच्या सर्व्होला अडकलेल्या स्थितीत ६ व्होल्टवर सुमारे २.५ अँपिअर लागतात. पाय ४ ला स्वतःसाठीच ३ अँपिअर देऊ शकणारा पुरवठा हवा असतो, आणि व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेले की तो कमी व्होल्टेजचा इशारा देतो. स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दिसते. त्याहून खाली गेल्यास तो कोलमडतो.

हे साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही, कारण ही घसरण काही मिलिसेकंदांची असते आणि मीटरचा आकडा तोवर हलतही नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला डीएसओ, म्हणजे व्होल्टेजची रेघ पडद्यावर दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप, घ्या, प्रोब थेट पायच्या ५ व्होल्टच्या पिनवर लावा, ट्रिगर उतरत्या बाजूवर ४.७ व्होल्टला ठेवा, एकदाच नोंद घेण्याची सोय चालू करा, आणि पुढचे चाक हाताने घट्ट धरून सर्व्होला पूर्ण वळण्याची आज्ञा द्या. माझ्या टेबलावर अशाच एका गाडीत ५.१ वर असलेली रेघ सरळ ४.२ पर्यंत खाली येऊन, तिथे थोडी थरथरून वर चढलेली मी पाहिली आहे, आणि ती वर चढेपर्यंत पायवरचा हिरवा दिवा विझलेला होता. ही रेघ एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर पुरवठा वेगळा का करायचा हे समजावून सांगावे लागत नाही.

बहुतेक जण यावर उपाय म्हणून एक मोठा कपॅसिटर लावतात, म्हणून त्याचा हिशेबही करून ठेवतो. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून २ अँपिअर १० मिलिसेकंद काढायचे म्हटले तर व्होल्टेज २० ने उतरायला हवे, म्हणजे तो कपॅसिटर त्याच्या कितीतरी आधीच रिकामा होतो. एखाद्या मिलिसेकंदाचा झटका तो काही अंशी झेलेल, अडकलेला सर्व्हो नव्हे. कपॅसिटर जरूर लावा, पण औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

आता भिंतीवर आदळण्याविषयी. तुम्हाला तो प्रोग्रामचा दोष वाटतो आहे, पण माझ्या मते ती पहिल्याच अडचणीची दुसरी बाजू आहे. पीसीए९६८५ ला एकदा 'इतक्या रुंदीचे स्पंद देत राहा' असे सांगितले की नवी आज्ञा येईपर्यंत तो तेच स्पंद देत राहतो; आज्ञा देणारा जिवंत आहे की नाही हे तो पाहत नाही. शिवाय त्याची चिप २.३ व्होल्टपर्यंत चालते, म्हणजे ज्या घसरणीने पाय कोलमडतो तिचा या बोर्डावर परिणामही होत नाही. वळताना सर्व्होने वीज ओढली, पाय बंद पडला, आणि पीसीए९६८५ मात्र पायची शेवटची आज्ञा इमानाने पाळत राहिला. त्या क्षणी ती आज्ञा 'पुढे चला' अशी होती. पाय पुन्हा सुरू व्हायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी कुठेही पोहोचू शकते. चिऱ्याच्या भिंतीऐवजी तिथे एखादे लहान मूल उभे असते तर, हा विचार मनातून जाऊ देऊ नका.

तेव्हा विजेची मांडणी अशी करा. मोटर आणि ईएससीला थेट लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. सर्व्होला ईएससीचा बीईसी किंवा, सर्व्हो ताकदवान असेल तर, त्याचा स्वतंत्र ६ व्होल्टचा पुरवठा. स्वतंत्र पुरवठा दिलात तर ईएससीच्या प्लगमधली लाल पिन काढून टेप लावून ठेवा, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांशी झुंजणार नाहीत. संगणकाला पूर्ण वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज ५ पर्यंत उतरवणारा बोर्ड, जो सतत ५ अँपिअर देऊ शकेल. बाजारात सहज मिळणाऱ्या एलएम२५९६ च्या निळ्या बोर्डावर ३ अँपिअर लिहिलेले असते, पण हीट सिंकशिवाय तो तेवढ्यावर फार वेळ टिकत नाही, म्हणून पायसाठी तो घेऊ नका. माझी पसंती याच्याही पुढे जाऊन संगणकाला दुसरी लहान बॅटरीच देण्याला आहे. वजन थोडे वाढते, पण मोटरचा गोंधळ संगणकापर्यंत पोहोचत नाही. सगळ्यांचा ग्राउंड मात्र एकच असला पाहिजे, आणि तो बॅटरीजवळ एका बिंदूत जुळवलेला असावा. आणखी एक इशारा: पुष्कळ ईएससींचा बीईसी ६ व्होल्ट देतो. तुमचा ५ चा निघाला म्हणून तुमचा पाय वाचला. पुढच्या वेळी काहीही जोडण्याआधी मोजून पाहा.

बॅटरीविषयी थोडक्यात सांगण्याची माझी इच्छा नाही, कारण या सगळ्या सामानात खरोखर धोकादायक असा हाच एक भाग आहे. लिपोच्या प्रत्येक सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. दोन सेलची बॅटरी म्हणजे ७.४ व्होल्ट, आणि एक-दशांश मापाच्या गाडीला ती पुरेशी आहे; तीन सेलची घेतली तर वेग वाढतो, जो तुम्हाला नकोच आहे. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याचे कायमचे नुकसान होते, म्हणून मी ३.४ ला गाडी थांबवतो. संतुलन करणाऱ्या चार्जरवरच, बॅटरीच्या क्षमतेइतक्या प्रवाहाने, म्हणजे ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला जास्तीत जास्त ५ अँपिअरने चार्ज करा, आणि चार्जिंग चालू असताना खोलीतून जाऊ नका. काही दिवस वापर नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या. एका जून महिन्यात मी पूर्ण भरलेली बॅटरी कपाटात विसरलो होतो. चतुर्थीच्या आधी घर आवरताना ती हाती आली तेव्हा पापडासारखी फुगली होती. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. आणि खरेदी वेळेत करा: लिपो विमानाने पाठवण्यावर निर्बंध असल्यामुळे ती बहुधा रस्त्याने येते, आणि ऐन प्रकल्पाच्या तारखेला गोव्यात पोहोचत नाही.

आता खाली चाकांकडे. शर्यतीसाठी बनवलेली रेडिओची गाडी तासाला तीस-चाळीस किलोमीटर सहज धावते, तुम्हाला मात्र ती माणसाच्या चालीने, सेकंदाला एक ते दोन मीटर, आणि तीही न धक्के देता चालायला हवी आहे. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर नेमकी इथेच फसते: रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, कुठे आहे हे तिच्या ईएससीला कमी वेगात कळत नाही, म्हणून ती अडखळत, थरथरत सुटते. पहिल्या गाडीसाठी जास्त वेढ्यांची, हळू फिरणारी ब्रश मोटर घ्या, किंवा ब्रशलेसच हवी असेल तर रोटरची जागा सांगणारे हॉल सेन्सर असलेली. ब्रश मोटरच्या कार्बनच्या ठिणग्यांमुळे सिग्नलच्या वायरींत गोंगाट शिरतो. तो शमवण्यासाठी '१०४' लिहिलेले तीन छोटे सिरॅमिक कपॅसिटर, एक दोन टोकांमध्ये आणि एकेक प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या कवचापर्यंत, थेट मोटरवरच सोल्डर करा. पुढे कधी ऐपत झाली तर बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने खुला केलेला व्हेस्क नावाचा ईएससी पाहा. तो मोटर किती फिरली हे संगणकाला परत सांगतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१६ मध्ये सुरू झालेल्या एफ१टेन्थ या एक-दशांश गाड्यांच्या उपक्रमात त्याचाच वापर होतो.

साध्या ईएससीचा एक स्वभाव माहीत असावा. पुढे जाणाऱ्या गाडीला मागे येण्याची आज्ञा दिली की बरेचसे ईएससी ती पहिल्यांदा ब्रेक समजतात. त्यानंतर मधल्या स्थितीवर येऊन पुन्हा तीच आज्ञा दिली तरच गाडी मागे येते. 'रिव्हर्स चालत नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा काहीही बिघडलेले नसते.

स्टिअरिंगसाठी निळा, प्लास्टिकच्या गिअरचा एसजी९० घेऊ नका, तो या मापाच्या गाडीत दात मोडून घेतो. सर्व्होला सेकंदाला ५० स्पंद लागतात आणि १.५ मिलिसेकंदांचा स्पंद म्हणजे मधली स्थिती, १ आणि २ म्हणजे दोन टोके, असे पुस्तकात असते. प्रत्यक्षात तुमच्या गाडीची चाके १.२ ला आणि १.८ ला दांड्याच्या टोकाला टेकत असतील. ती खरी टोके शोधून प्रोग्राममध्ये त्यांच्या थोडे आतच थांबा. असे केल्यावर सर्व्हो अडकणे थांबते, आणि मघाच्या २.५ अँपिअरचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो. वळणाची त्रिज्या म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर भागिले वळणकोनाचा टॅन्जंट. ३२ सेंटिमीटर अंतर आणि २५ अंश कोन असेल तर त्रिज्या जवळजवळ ६९ सेंटिमीटर येते. म्हणजे दीड मीटर रुंद बोळात तुमची गाडी एका दमात मागे वळू शकत नाही, मग प्रोग्राम कितीही हुशार असो. मार्ग आखताना हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

थांबण्याची जबाबदारी संगणकावर टाकू नये, हे मला सर्वांत जास्त आग्रहाने सांगायचे आहे. पाय आणि मोटर यांच्यामध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवा. १६ मेगाहर्ट्झचा अर्डुइनो नॅनो (पुढे नुसता 'नॅनो') या कामाला पुरेसा आहे. पाय त्याला वेग आणि कोन कळवत राहील, आणि २०० मिलिसेकंदांत नवी आज्ञा आली नाही तर नॅनो कोणालाही न विचारता मोटर मधल्या स्थितीला आणेल. त्याचबरोबर गाडीसोबत आलेला रेडिओ रिसीव्हर काढून टाकू नका. तो नॅनोला जोडा आणि रिमोटच्या तिसऱ्या चॅनेलवर 'माणूस चालवतो, संगणक चालवतो, थांब' अशा तीन स्थिती ठेवा. रिमोटचा सिग्नल तुटला तरीही थांबायचे. पीसीए९६८५ ठेवायचाच असेल तर त्याची आउटपुट बंद करणारी ओई पिन नॅनोच्या हाती द्या, पण नॅनो आल्यावर त्या बोर्डाची गरजच उरत नाही. शेवटचा उपाय म्हणून बॅटरीच्या मुख्य वायरीत एक्सटी६० कनेक्टरचा एक सुटा वळसा ठेवा आणि त्याला लाल दोरी बांधा. दोरी ओढली की वीज तुटते. नॅनोच्या पिना ५ व्होल्टच्या आहेत आणि पायच्या ३.३ च्या, तेव्हा दोघे यूएसबीने बोलतील असे पाहा. थेट पिना जोडल्यास पाय गमावून बसाल.

संगणकाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कॅमेऱ्याच्या लहान चित्रावरून स्टिअरिंगचा कोन ठरवणारे छोटे न्यूरल नेटवर्क पाय ४ वर चालते. डाँकी कार हा खुला प्रकल्प मुळात पायवरच उभा राहिला आणि त्यात चित्र असते अवघे १६० बाय १२० ठिपक्यांचे. जेटसन नॅनो २०१९ मध्ये आला तेव्हा त्याचे १२८ कोअरचे जीपीयू आणि ४ जीबी मेमरी ही मोठी गोष्ट होती, पण आज तो नव्याने घेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण त्याच्यासाठीचे सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवर थांबले आहे. वस्तू ओळखायच्या असतील, अनेक कॅमेरे असतील, तरच जेटसनच्याच ओरिन नॅनोसारख्या बोर्डाचा विचार करा, आणि तेव्हा विजेची सगळी मांडणी पुन्हा तपासा. तुमच्याकडे पाय आहे, तोच ठेवा. त्याला पंखा लावा, कारण ८० अंशांना तो आपला वेग कमी करू लागतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी बंद डब्यात ते तापमान गाठायला वेळ लागत नाही. एसडी कार्डाची एक प्रत नेहमी तयार ठेवा. वीज अचानक गेली की कार्डावरची माहिती बिघडते, आणि तुमचा पाय तर आतापर्यंत कितीदा अचानक बंद पडला आहे.

कॅमेऱ्याबाबत ठिपके मोजण्याऐवजी दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे दृष्टिकोन: अरुंद भिंगातून वळणावर आतली रेघच दिसत नाही, त्यामुळे रुंद भिंग घ्या. दुसरी म्हणजे शटर. पायच्या नेहमीच्या कॅमेऱ्यातला आयएमएक्स२१९ सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, आणि गाडी पेव्हरवर थरथरत असेल तर सरळ रेघा वाकलेल्या येतात. एकाच क्षणी सगळे चित्र टिपणारा, आयएमएक्स२९६ सेन्सरचा कॅमेरा पायसाठी २०२३ मध्ये आला. तुमच्या वेगाला तो अत्यावश्यक नाही. त्यापेक्षा कॅमेरा बसवण्याची पट्टी आखूड आणि ताठ करा. आपल्याकडचा खरा त्रास उजेडाचा आहे. पोर्चच्या सावलीतून उन्हात आले की कॅमेरा क्षणभर पांढराफटक होतो, आणि पावसानंतर ओल्या चिऱ्यांवर आकाशाचे प्रतिबिंब पडून पांढरी टेप त्यात हरवते. एक्सपोजर हाताने ठरवून कायम ठेवा, टेप चकाकणारी न घेता मॅट घ्या, आणि शिकवण्यासाठीची चित्रे सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तिन्ही वेळांना गोळा करा.

लायडारशिवाय गाडी स्वयंचलित म्हणवते, यात शंका नाही. पण बोळातून भिंतींमधून जायचे असेल, नकाशा करायचा असेल, तर तो हवा. आरपीलायडार ए१ हा तुमच्या मर्यादेत बसेल. तो ३६० अंश पाहतो आणि १२ मीटरपर्यंत पोहोचतो, पण सेकंदाला साधारण साडेपाच फेऱ्याच करतो; सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारी गाडी त्याच्या एका फेरीत ३६ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. शर्यतीच्या गाड्यांवर दिसणारा होकुयोचा यूएसटी-१०एलएक्स सेकंदाला ४० वेळा पाहतो, म्हणजे त्याच वेगाला दर ५ सेंटिमीटरवर, पण चाळीस हजारांत त्याचा विचारही करू नका. म्हणून ए१ घेतला तर वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास ठेवा. तो बसवताना स्पिरिट लेव्हल वापरा. जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंचीवरचा लायडार पुढे फक्त २ अंश झुकला तरी त्याची किरणे ४.३ मीटरवर जमिनीला टेकतात आणि नकाशात तिथे एक भिंत उगवते. ब्रेक लावताना गाडी नाक खाली घालते, तेव्हाही हेच होते: थांबू लागलेल्या गाडीला समोर भिंत दिसते आणि ती आणखी जोरात थांबते. पुढच्या स्प्रिंगा कडक करा, हा त्यावरचा इलाज आहे. काचेचे दार लायडारला बहुधा दिसतच नाही आणि कडक उन्हात त्याची पोहोच घटते, हे लक्षात ठेवून चाचणीची जागा निवडा.

काचेसाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर उपयोगी पडतो, कारण आवाज काचेवरून परततो. एचसी-एसआर०४ कागदावर २ सेंटिमीटर ते ४ मीटर मोजतो, व्यवहारात मी २ मीटरपर्यंतच त्याच्यावर विश्वास ठेवतो. तेवढे पुरते: सेकंदाला २ मीटर वेग, दीडशे मिलिसेकंदांचा विलंब आणि सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतकी मंदन क्षमता धरली तर गाडी सुमारे एक मीटरमध्ये थांबते. उन्हाळ्यात आवाजाचा वेग थोडा वाढतो, पण फरक दोन-तीन टक्क्यांचाच आहे. त्याची इको पिन ५ व्होल्ट देते, तेव्हा तो नॅनोलाच जोडा आणि समोर अडथळा आला तर पायला न विचारता थांबण्याचे काम नॅनोलाच द्या.

गाडी किती पुढे गेली हे मोटरला दिलेल्या आज्ञेवरून ठरवू नका, कारण बॅटरी उतरली की तीच आज्ञा कमी वेग देते. मागच्या आसाच्या टोकाशी लहान चुंबक चिकटवून समोर एएस५६०० हा चुंबकाचा कोन मोजणारा सेन्सर बसवला तर एका फेरीचे ४०९६ भाग मोजता येतात, आणि त्याला स्पर्श नसल्यामुळे धूळ त्रास देत नाही. गाडीचा वळण्याचा वेग कळण्यासाठी एमपीयू६०५० हा सेन्सर पुरे. दिशा थेट देणारा बीएनओ०५५ मोहक वाटतो, पण पायच्या आय-टू-सी या सेन्सर जोडण्याच्या दोन वायरींच्या सोयीशी त्याचे नीट जुळत नाही आणि मोटरच्या चुंबकाजवळ कोणतेही होकायंत्र भरकटते. घ्यायचाच असेल तर नॅनोमार्फत वाचा आणि मोटरपासून शक्य तितका उंच बसवा.

जोडकामाबद्दल तुम्हाला कुठल्याही परदेशी व्हिडिओपेक्षा शिगमोच्या चित्ररथावर हलते पुतळे उभे करणाऱ्या कारागिरांकडून जास्त शिकता येईल. रथ रात्रभर खड्ड्यांतून हलत जातो आणि पुतळ्याचा हात तरी थांबत नाही, कारण ते प्रत्येक वायर टोकाला जोडण्याआधी एका वितावर बांधून ठेवतात; ओढ बसते ती गाठीवर, सोल्डरवर नाही. ब्रेडबोर्ड आणि जम्पर वायर टेबलावरच राहू द्या. गाडीवर छिद्रांचा बोर्ड, सोल्डर केलेले सांधे, हीट श्रिंक आणि खटका असलेले कनेक्टर. बॅटरीजवळ फ्यूज. वरचा मजला ॲक्रिलिकचा करायचा असेल तर पाट्या करणाऱ्या दुकानात लेझर कटिंग असते, तिथे रेखाचित्र घेऊन जा. आपल्या हवेत लोखंडी स्क्रू आणि चाकांतले बेअरिंग एका पावसाळ्यात गंजतात, आणि तांबडी धूळ तेलात मिसळून गिअरमध्ये उटण्यासारखी बसते. चाचणी संपल्यावर ब्रशने झाडून, बेअरिंगला थेंबभर तेल देऊन, गाडी सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा.

पैशांविषयी माझे मत असे की, चाळीस हजारांतला निम्मा भाग चेसिस, मोटर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि वीजपुरवठा यांच्यासाठी राखावा, उरलेल्यातून लायडार आणि लहान सेन्सर घ्यावेत, आणि थोडे पैसे मोडतोडीसाठी बाजूला ठेवावेत. पाय आणि कॅमेरा तुमच्याकडे आहेतच. पण लायडारची मागणी नोंदवण्याआधी तीन मोजमापे घेऊन मला कळवा: पुढचे चाक धरून सर्व्हो वळवताना पायच्या पिनवरचे सर्वांत कमी व्होल्टेज, न अडखळता चालता येणारा सर्वांत कमी वेग, दहा मीटर टेप पसरून घड्याळाने मोजलेला, आणि चाके अधांतरी ठेवून, चालत्या गाडीत पाय आणि नॅनो यांच्यातली यूएसबी केबल उपटल्यावर मोटर थांबायला लागलेला वेळ. शेवटची चाचणी करताना लाल दोरी एकाच्या हातात असू द्या.